चौदा महिने वरीलप्रमाणे

माझ्या मोठ्या भावानं माझ्या बापाला फसवलं. शेतासाठी नाही, घरासाठी नाही; तसलं फसवून घेण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतंच. बाप जिवंत होता, त्याला सगळं समजत होतं, आणि भाऊ दर महिन्याला कागदावर लिहून देत होता की याला काही समजत नाही. तो कागद त्यानं डॉक्टरला दिला, तेच तोंडी आम्हाला सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं. आजारी जनावराला तेल लावून धडधाकट म्हणून विकणारे मी बाजारात शेकड्यानं पाहिले. जितं माणूस मेलं म्हणून खपवणारा एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा भाऊ आहे.

मी बैलबाजारातला दलाल. चौथीपर्यंत शिकलो, पुढचं सगळं बाजारात. बापही दलालच होता. नांदगाव खंडेश्वरापासून अमरावतीपर्यंतच्या बाजारांत त्याला ओळखत नाही असा शेतकरी नव्हता. थोरल्याला त्यानं मॅट्रिक केलं, सरकारी कचेरीत चिकटवलं. मला म्हणाला, "तुहं डोकं दोरीत चालते, पुस्तकात नाही." ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं एकमेकांचा हात धरतात, वरून दुपट्टा टाकतात आणि खाली बोटं बोलतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पूर्ण पंजा धरला की पाच. तळवा दाबला की कबूल. हात झटकला की नाही. आणि तळव्यावर नख ओढलं तर समजायचं की जनावरात खोड आहे, मारकं आहे किंवा कामात बसतं, जपून घे. हे सगळं उजव्या हातानं. डाव्या हातानं सौदा होत नाही. डावा हात शौचाच्या पाण्याचा. तो कोणी दुपट्ट्याखाली सरकवला तर समोरचा माणूस आईवरून शिवी दिल्यासारखा उठेल.

मी एकोणीस वर्षांचा असताना एक गवळाऊ जोडी विकायला काढली. देखणी जोडी, पण डावा बैल औताला लावला की तासाभरात बसायचा. गिऱ्हाईक कबूल झालं होतं. शेवटी रीत म्हणून त्यानं बापाच्या हातात हात दिला. बापानं दुपट्ट्याखाली त्याच्या तळव्यावर नख ओढलं. स्वतःच्या पोराचा सौदा मोडला. मी बाजारात सगळ्यांदेखत त्याच्याशी भांडलो. तो एवढंच म्हणाला, "खोड असलं जनावर मी सांगितल्याशिवाय विकत नाही. माहं पोरगं असलं तरी." मी त्याच आठवड्यात अकोल्याला निघून गेलो. अकोल्याच्या बाजारात कोणाच्या ओळखीशिवाय उभा राहिलो. पहिली दोन वर्षं एका तेलीबुवाच्या पडवीत झोपलो, मग खोली घेतली, मग घर. बापाकडे सणासुदीला जायचो, जेवायचो, परत यायचो. बोलणं जेवणापुरतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बाप भावाच्या घरी अंगणात पडला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून तो भावाकडेच राहायचा, अमरावतीत राजापेठेच्या मागल्या बाजूला भाड्याच्या घरात. सकाळी लोटा घेऊन उठला आणि खाली आला. लकवा. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी कड, सगळं गेलं. बोलणंही गेलं. एक शिवी तेवढी राहिली, अडेल बैलाला हाकताना तो द्यायचा ती.

मला तार आली. मी गाडीनं बडनेऱ्याला उतरून दवाखान्यात पोचलो तेव्हा भाऊ डॉक्टरशी आत बोलत होता. शिकलेला तो, म्हणून आत तो. मी व्हरांड्यात. बाहेर येऊन त्यानं टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मेंदूच गेला, बाप्पा. आता याईले काही समजत नाही. जितके दिवस काढतीन तितके."

बैल घेताना मी दात मोजल्याशिवाय घेत नाही. शेपूट वळवून पाहतो, खुराखाली हात घालतो, मालकानं गंगेची शपथ घातली तरी दोन पावलं चालवून बघतो. बापाच्या बाबतीत मात्र माझ्या भावानं व्हरांड्यात दोन वाक्यं सांगितली आणि मी ती न तपासता घेतली.

आणि दिसतही तसंच होतं. पाणी दिलं तरी बाप तीच शिवी द्यायचा, वहिनीनं कूस बदलली तरी तीच, भावाची धाकटी पोरगी जवळ गेली तरी तीच. पोरगी रडत पळायची. शेजारचे म्हणायचे, म्हाताऱ्याला वेड लागलं. न्हाणीशेजारच्या खोलीत त्याची खाट टाकली होती, डावी बाजू भिंतीला लावून. उजवीकडून भरवायला, धुवायला जागा मोकळी पाहिजे, म्हणून. त्याच्या खाटेशी बसून लोक त्याच्याबद्दल बोलायचे. किती दिवस काढेल. लाकडं ओली तर नाहीत. भावाची सासू तर एकदा त्याच्यासमोरच म्हणाली, "सुटला तर बरा, सुनेचे हाल थांबतीन." बापानं शिवी दिली. सगळे हसले. मीही हसलो असेन.

मी दीड-दोन महिन्यांनी यायचो. येताना काहीतरी घेऊन यायचो. एकदा कोणी सांगितलं म्हणून कबुतरं आणली. लकव्यावर कबुतराचं गरम रक्त चोळतात. चोळलं. खोली तीन दिवस घाण मारत होती आणि वहिनीला सगळ्या चादरी धुवाव्या लागल्या. फरक काही नाही. मग मी नुसता बसायचो, त्याचा उजवा हात हातात घेऊन. एकदा तर कोणी नाही असं पाहून त्या हातावर दुपट्टा टाकला आणि खाली एक बोट धरलं, दोन बोटं धरली. हात पीठ भिजवून ठेवल्यासारखा पडून राहिला. मी दुपट्टा काढला आणि मनात म्हटलं, दादा म्हणतो ते खरं आहे. बाप गेला.

दुसऱ्या वर्षीच्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आलो. वहिनी बापाला वरणभात भरवत होती. मी नेहमीसारखा उजवा हात घेऊन बसलो. ती घास कालवता कालवता म्हणाली, "भाऊजी, तुमी दरवेळेस तोच हात कावून धरता?"

"बापाचा हात हाये, वहिनी."

"मेला हाये तो. तुमी येता, मेला हात धरून बसता, डोळे पुसता, अन चारच्या गाडीनं जाता. जिता हात तिकडं भिंतीकडं हाये. तो मीच धरते एकटी."

"तो डावा हाये."

"मंग? माह्याशी तर तोच बोलते."

मी विचारलं, बोलते म्हणजे काय. ती चिडली. तिला वाटलं मी तिची थट्टा करतो. म्हणाली, "पाणी पायजे असलं का माही बांगडी ओढते. लय तहान असली का दोनदा ओढते. पोट भरलं का हात झटकते. तुमच्या दादाले सांगतलं म्या कितीकदा. म्हणतेत, तान्हं लेकरूही बांगडी ओढते, त्याले काय अक्कल असते का? मले काय समजते, मी काय डाक्टर हाये?"

मी उठलो, खाट धरली आणि भिंतीपासून ओढली. खाटेचा पाय फरशीवर कर्रकन वाजला आणि बापानं डोळे उघडले. मी भिंतीच्या आणि खाटेच्या मधे गेलो, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्याच्या डाव्या हातावर टाकला. खाली हात घालायचा तर माझाही डावाच घालावा लागत होता. खोटं कशाला लिहू, मला शिसारी आली. इतक्या वर्षांची सवय. मग घातला.

त्यानं माझा पंजा असा पकडला की मी दचकलो. लकवा झालेल्या माणसाच्या दुसऱ्या हातात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, दादाची लेकरं किती?" त्यानं माझी चार बोटं धरली. बरोबर. "बहिणी किती आमाले?" हात झटकला. बरोबर, बहीण नाही. मग माझ्या तोंडून निघालं, "मले अकोल्याले जाऊन किती वर्सं झाले?" त्यानं पूर्ण पंजा धरला. सोडला. पुन्हा पंजा धरला. सोडला. मग दोन बोटं. बारा. मी अकरा समजत होतो. खोलीतल्या खोलीत हिशेब लावला तेव्हा कळलं, त्याचंच बरोबर होतं.

वहिनी घास हातात घेऊन बघत उभी होती. बापानं माझ्याकडे पाहिलं आणि शिवी दिली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मला ती शिवी समजली. त्याला म्हणायचं होतं, इतका उशीर का केलास. तोंडात तेवढाच एक शब्द उरला होता, म्हणून सगळ्या गोष्टी तो त्या एकाच शब्दात सांगत होता आणि आम्ही त्याला वेडा म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी भाऊ कचेरीत गेल्यावर मी बापाला सायकलरिक्षात घातलं. वहिनी मागून डोकं धरून बसली. त्याच डॉक्टरकडे गेलो. तरुण होता, लकव्याच्या रोग्यांचा अभ्यास करत होता, हे मला तिथंच समजलं. घरी गेलेले रोगी पुढे कसे होतात, कोणाचं काय परत येतं, कधी येतं, याची तो नोंद ठेवायचा. त्यासाठी त्यानं एक तक्ता काढून घराघरांत दिला होता. महिन्यातून एकदा भरून आणायचा.

मी त्याला दुपट्ट्याची गोष्ट सांगितली. त्यानं आधी माझ्याकडे संशयानं बघितलं. मग स्वतः बापाचा डावा हात धरला आणि म्हणाला, "बाबा, डोळे मिटा." बापानं मिटले. "दाराकडे बोट दाखवा." दाखवलं. "हे तुमचे कोण?" असं म्हणून त्यानं माझ्याकडे बोट केलं. बापानं शिवी दिली. वहिनी हसली, डॉक्टर हसला नाही. तो उठला आणि कपाटातून एक फाईल काढून आणली.

चौदा तक्ते होते. माझ्या भावाच्या अक्षरात. त्याचं अक्षर मोत्यासारखं, कचेरीत नावाजलेलं. पहिल्या तक्त्यावर प्रश्न आणि उत्तरं होती. सांगितलं तर डोळे मिटतो का? नाही. बोट दाखवतो का? नाही. घरची माणसं ओळखतो का? नाही. तहान, भूक, लघवी कळवतो का? नाही. हातापायांचा व्यायाम रोज देता का? होय. रोज त्याच्याशी बोलता का? होय. त्याखाली सही. दुसऱ्या तक्त्यावर प्रत्येक प्रश्नापुढे एकच शब्द होता: वरीलप्रमाणे, म्हणजे मागच्या महिन्यासारखंच. तिसऱ्यावर वरीलप्रमाणे. असे तेराही. शाईसुद्धा एकच. कचेरीतली निळी. टेबलाशी बसून पाच मिनिटांत भरलेले. या माणसानं घरात राहून चौदा महिन्यांत बापाला एकदाही "डोळे मिटा" म्हटलं नव्हतं.

मी डॉक्टरला विचारलं, "पहिल्या दिवशी तुमी माह्या भावाले काय सांगतलं होतं?"

"जे सगळ्यांना सांगतो तेच. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही. याला बरंच समजत असणार. रोज बोला, वस्तू दाखवून नावं घ्या, आखडलेली बोटं रोज उघडा, बसवायचा प्रयत्न करा. पहिल्या वर्षात जे परत येतं ते येतं. नंतर फार कठीण असतं."

वहिनी खाली बसली. फरशीवरच. म्हणाली, "मले कोणीच हे सांगतलं नाही. मी नुसती धूत राहिली त्याईले."

मी डॉक्टरलाही सोडलं नाही. म्हटलं, साहेब, तुम्ही बैल कागदावर घेता का? एकदा घरी येऊन हात का नाही धरला? त्यानं फाईल मिटली. मग जे बोलला त्यानं माझा राग दुप्पट झाला. मधल्या काळात त्यानं आपल्या लोकांच्या सभेत या अभ्यासाचा निबंध वाचला होता. त्यात माझा बाप होता. वाचा पूर्ण गेली, फक्त शिवी उरली, वर्षभरात काही फरक नाही. "आणि त्यानंतर," तो म्हणाला, "अशी शिवी उरलेला रोगी आला की मी घरच्यांना सांगायला लागलो, फार आशा ठेवू नका." म्हणजे माझ्या भावाच्या पाच मिनिटांच्या शाईनं आणखी किती घरांत खाटा भिंतीला लागल्या, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी भाऊ आला. टोपी खुंटीला टांगली, पाय धुतले. मी ओसरीवर बसलो होतो. फाईल मागूनही डॉक्टरनं दिली नव्हती, पण एक तक्ता मी मागून घेतला होता, शेवटचा. तो मी त्याच्यासमोर ठेवला.

त्यानं पाहिला आणि उलटा करून ठेवला. "कोणं देला?"

"तू बाबाले डोळे मिटाले सांगतलं होतं का?"

"मी सक्काळी नवाले जातो, सहाले येतो. मले चार लेकरं. तुह्यासारखा बाजारात हुंदडत नाही मी. व्यायाम द्या, बोला, बोटं उघडा. कोण करन? तू?"

"मले सांगतलं असतं तं मी आलो असतो."

"तू?" तो हसला. "तू दोन महिन्याले एक घंटा येत होता. कबुतरं घेऊन. भौ, तू बाजारात जनावरं वयखतो, घरातलं काय वयखतो?"

"मंग होय कावून लिहिलं? व्यायाम देतो, बोलतो, होय होय. नाही लिहिलं असतं."

 आतून बापाचा खोकला ऐकू आला. मग भाऊ आवाज खाली आणून म्हणाला, "त्याईले समजते असं मानलं असतं, तं मले त्या खोलीत जाता आलं नसतं. आमी त्याईच्यासमोर काय काय बोललो. माह्या सासूबाई काय बोलल्या. ते सगळं त्याईनं आयकलं असं मानून मी त्याईले जेवू कसं घालू? नाही समजत म्हटलं तं निदान झोप लागत होती."

"जेवू तू घालत होता का?" मी म्हटलं. "ते तं वहिनी घालत होती."

वहिनी दारात उभी होती. ती नवऱ्याला उद्देशून एकच बोलली, "मले सांगाचं होतं. मी धुता धुता बोलली असती. मले काय येगळा येळ लागत होता?" आणि आत गेली.  

दोन दिवसांनी मी बापाला अकोल्याला आणलं. डॉक्टरनं व्यायाम माझ्याकडून चार वेळा करून घेतले आणि कोरे तक्ते दिले. माझं अक्षर शेणात बैल घसरल्यासारखं, पण मी भरायचो. सकाळी बाजाराला जाण्याआधी आखडलेली बोटं एकेक उघडायची, मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची, मग वाटी दाखवून वाटी म्हणायचं, दोर दाखवून दोर. बाप शिवी द्यायचा. मी म्हणायचो, शिवी नंतर, आधी दोर.

आमच्या बाजारात एक म्हातारा मुसलमान बेपारी होता. पूर्वी अमरावतीच्या बाजारात बापाचा प्रतिस्पर्धी, अनेक जोड्यांवर दोघं भांडलेले. तो एक दिवस बघायला आला. मी सांगितलं की याला सगळं समजतं. त्याला खरं वाटलं नाही. खाटेशी बसला, खांद्यावरचं फडकं काढलं आणि काही न विचारता आपला डावा हात पुढे केला. मी म्हटलं, चाचा, डावा चालेल का तुम्हाला? तो म्हणाला, "अरे, अल्लाने दोन देले. एक दुकान बंद झालं तं दुसरं उघडाव का नाही?" फडक्याखाली दोघांनी एका नसलेल्या जोडीचा सौदा केला. बेपारी तोंडानं जोडीचं वर्णन करत गेला, शिंगं कशी, वशिंड कसं, आणि बाप खाली बोटं धरत, झटकत गेला. अर्धा तास चाललं. शेवटी बेपारी फडकं झटकून उठला आणि मला म्हणाला, "भौ, हा आदमी तं अजून मले लुटते." त्याचे डोळे भरले होते. बापाच्या तोंडाची डावी कड वर गेली. लकव्यानंतर मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

काय परत आलं ते सांगतो, वाढवून सांगणार नाही. तो आधारानं बसायला लागला. भिंत धरून दारापर्यंत चार पावलं यायचा. पाच-सहा शब्द आले: पाणी, दोर, हो, चाल, आणि वहिनीचं नाव, जे तो आयुष्यात कधी घेत नव्हता. उजवा हात नाही उघडला. मुठीत आखडून कोरड्या पानासारखा छातीशी चिकटला तो चिकटलाच. मी तक्त्यावर तसं लिहून पाठवलं. अमरावतीहून डॉक्टरचं कार्ड आलं: वर्षाआधी सुरू केलं असतं तर हात बराचसा सुटला असता, बोलणंही जास्त आलं असतं असं वाटतं, निबंधातली तुमच्या वडिलांची नोंद मी पुढच्या सभेत दुरुस्त करून वाचली. त्यानं आपली चूक दुरुस्त केली. तेवढं त्याच्या बाजूनं लिहितो.

बाप आणखी तीन वर्षं जगला. तेरावं थोरल्याच्या घरी अमरावतीला झालं, तिथं पंगत बसली तेव्हा एक वडीलधारे नातेवाईक उठून म्हणाले, थोरल्यानं बापाची सेवा श्रावणबाळासारखी केली, शिकलेला असून घाण काढली. भाऊ मान खाली घालून बसला. लोकांना ती नम्रता वाटली. वहिनी आत पुऱ्या तळत होती. मी पत्रावळीवरून उठलो आणि न जेवता अकोल्याला परतलो. लोक अजून सांगतात, धाकटा बापाच्या तेराव्यालाही भांडला.

आता एक गोष्ट राहिली, ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. बाप जाण्याच्या आदल्या महिन्यात एका दुपारी मी दुपट्टा टाकून बापाला विचारलं, "वहिनी कशी?" त्यानं तळवा दाबला. कबूल. "दादा?" त्यानं माझ्या तळव्यावर नख ओढलं. मी इथं थांबायला हवं होतं. पण मी बाजारातला माणूस, मला शेवटचा भाव ऐकल्याशिवाय राहवत नाही. विचारलं, "अन मी?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग नख ओढलं. तेवढंच जोरात. स्वतःच्या पोराचीही खोड तो लपवत नव्हता, हे मला एकोणीस वर्षांचा असल्यापासून माहीत होतं.

बरोबर केलं त्यानं. मी चौदा महिने मेला हात धरून बसलो. डावा हात धरायचा म्हणजे विटाळ, म्हणून त्याला हात लावला नाही, आणि भावाचा शब्द तपासला नाही, कारण तो खरा असला तर मला अकोल्यात निवांत राहता येत होतं. हे माझं. मी ते सहीनिशी इथं लिहून दिलं.

आता तुझं लिही, दादा. तू अजून जिता आहेस, हात चालतो, अक्षर अजून मोत्यासारखं आहे. नातवाच्या लग्नाची पत्रिका आली, तिच्यावरचा पत्ता तुझ्याच हातचा होता. पहिल्या दिवशी डॉक्टरनं सांगितलेलं तू कोणाला का सांगितलं नाहीस? चौदा वेळा सही करताना बाप पलीकडच्या खोलीत जागा होता की झोपला होता, ते एकदा तरी उठून पाहिलं होतंस का? आणि ज्या घरांत तुझ्या कागदामुळे कोणी डावा हात धरला नाही, त्या घरांना तू काय सांगशील? प्रत्येक प्रश्नापुढे वेगळं उत्तर लिही. मला अकोल्याच्या पत्त्यावर पाठव. आणि वरीलप्रमाणे लिहू नकोस.